संत्र्याला कोण ढकलतं? चालत्या वाहनातल्या बलाच्या प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी

विषय ठरला. बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मॅडमनी पंधरा विषयांची यादी दिली होती. त्यातला 'चालत्या वाहनातील वस्तूवरचं निव्वळ बल' (म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज) मी घेतला, आणि तो घेण्यामागे बाबा आहेत. त्यांचा छोटा हत्ती टेम्पो काटोलकडच्या बागांतून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री आणतो. सध्या मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या संत्र्यांचा) माल सुरू आहे, त्यामुळे गाडी रोज रस्त्यावर असते.

मागच्या हंगामात रात्री एक दुचाकी अचानक आडवी आली आणि बाबांनी कचकन ब्रेक मारला. गाडीत अर्धाच माल होता, पंधरा क्रेट. ते सगळे सरकत येऊन केबिनच्या मागच्या पत्र्यावर आदळले. चार क्रेटमधली संत्री फुटली. माल ओला दिसला म्हणून दलालाने पूर्ण गाडीचा भाव पाडला. पत्र्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

आज जेवताना विषय सांगितला तर बाबांनी ताटावरून मान वर केली. "मले एक सांग. मी तं ब्रेक मारला. मागून कोणीच ठोकलं नाय. मंग त्या क्रेटले समोर कोणं ढकललं?"

वहीच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहून ठेवला आहे.

३ फेब्रुवारी

आधी कागदावर. एक संत्रं घेतलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५० ग्रॅम भरलं. पृथ्वी त्याला ०.१५ × ९.८ म्हणजे १.४७ न्यूटन बलाने खाली ओढते.

प्रश्न मीच घातला: गाडी १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने वेग घेते आहे आणि मी आतून संत्रं हातातून सोडलं. सोडल्याबरोबर त्यावर निव्वळ बल किती? मी लिहिलं की खाली १.४७, पुढे ०.१५ × १.५ म्हणजे ०.२२५, दोन्हींची सदिश बेरीज, म्हणून बल थोडं तिरपं. उत्तर बरोबर वाटलं आणि मॅडमना दाखवलं.

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, "सोडल्यावर त्या संत्र्याला कोण शिवतंय?"

कोणीच नाही. हवा आहे, पण तिचा परिणाम इथे नगण्य.

"मग ते ०.२२५ कोण देतंय? आधी वस्तूला कोण कोण शिवतंय त्यांची नावं लिही. त्यात पृथ्वी मिळव. यादी संपली. यादीत ज्याचं नाव नाही त्याचं बल बेरजेत नाही."

म्हणजे हातातून सुटलेल्या संत्र्यावर फक्त १.४७ न्यूटन, सरळ खाली. गाडी उभी असो, एकसमान वेगाने जात असो, वेग घेत असो की ब्रेक मारत असो. गाडीचं त्वरण गाडीपाशी राहतं. संत्र्यापर्यंत ते पोचायला स्पर्श लागतो. बारावीपर्यंत न्यूटनचे तीन नियम मी इतक्या वेळा घोकले, पण 'शिवतंय कोण' हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

तेच संत्रं गाडीच्या तळावर, गाडीबरोबर स्थिर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तळ शिवतो. तो वर १.४७ न्यूटन देतो, ते वजनाशी फिटतं, आणि घर्षणातून पुढे ०.२२५ देतो. निव्वळ बल ०.२२५ न्यूटन, गाडीच्या दिशेने.

५ फेब्रुवारी

मोबाईलमधला त्वरणमापक वापरायचा आहे, पण त्याचा आकडा नेमका काय सांगतो ते आधी कळायला हवं. टेबलावर ठेवला, ९.८ दाखवतो. स्थिर असून ९.८! मग गादीवर दोन उश्या ठेवल्या आणि फोन वरून सोडला. पडत असताना आकडा जवळजवळ शून्यावर आला, उशीवर टेकताना उसळला.

आई म्हणाली, "फोन फोडशील." फुटला नाही.

अर्थ असा: हे यंत्र गुरुत्वाचं बल मोजतच नाही. फोनला जे शिवतं, टेबल, हात, उशी, त्याचाच धक्का ते मोजतं, दर किलोमागे. पडणाऱ्या फोनला कोणी शिवत नाही म्हणून शून्य. मॅडमची यादी आणि फोनचं यंत्र एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. फक्त निव्वळ बल काढताना पृथ्वी मी स्वतः मिळवायची, फोन ती देणार नाही. (हे नीट न पाळल्याचा त्रास पाच दिवसांनी झाला.)

८ फेब्रुवारी, रविवार, मेट्रो

फोनवर पूर्ण भरवसा नको म्हणून लोलक केला. जाड दोरा, त्याला ५० ग्रॅमचा लोखंडी नट, मागे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोनमापक. अजनी चौकातून ऑरेंज लाइन धरली, आधी खापरीकडे आणि मग परत सीताबर्डीपर्यंत. सकाळी खापरीच्या बाजूला गर्दी कमी असते. चढण्याआधी सुरक्षारक्षकाला पुठ्ठा दाखवला. कॉलेजचं काम आहे म्हटल्यावर त्याने नट हातात घेऊन बघितला आणि जाऊ दिलं.

गाडी सुटताना नट मागे झुकला, ५ ते ६ अंश. काही सेकंद तसाच राहिला, मग हळूहळू सरळ झाला. तेव्हा फोनवर वेग ताशी ६२ किलोमीटर होता आणि नट घरातल्या खुंटीला टांगल्यासारखा शांत, उभ्या रेषेत. स्टेशन जवळ आलं, नट पुढे झुकला, तोही सुमारे ५ अंश.

हिशेब सोपा आहे. नटाला शिवतो फक्त दोरा. दोऱ्याच्या ताणाचा उभा भाग वजन पेलतो, आडवा भाग नटाला गाडीबरोबर नेतो. त्वरण = ९.८ × टॅन कोन. ६ अंशाला १.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग. नटावरचं निव्वळ बल ०.०५ × १.०३, म्हणजे ०.०५ न्यूटन, पुढच्या दिशेने. नट मागे झुकलेला असतो आणि बल पुढे असतं. सुरुवातीला हे डोक्यात बसत नव्हतं. दोऱ्याकडे बघितलं तेव्हा बसलं. नट मागे राहिल्यामुळेच दोरा तिरपा होऊन त्याला पुढे ओढू शकतो.

शेजारी बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. "काय मोजून रायली बेटा, वेग?"

"नाही आजोबा, वेग यात दिसतच नाही. वेग बदलला तरच दिसतो."

त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "साठनं जाऊन रायली गाडी, जोर तं लागतच असंन." जोर लागतो हे खरं, मोटरला लागतो, कारण रूळ आणि हवा गाडीला मागे ओढतात. पण तो जोर आणि तो विरोध एकमेकांना फेडतात. त्यांच्या पिशवीवरचं, माझ्या नटावरचं आणि अख्ख्या गाडीवरचं निव्वळ बल त्या वेळी शून्य होतं. गॅलिलिओने १६३२ साली संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण दिलं होतं, की जहाज उभं आहे की चाललं आहे हे आतल्या कोणत्याही प्रयोगाने कळणार नाही. मेट्रोत डोळे मिटून नटाचा दोरा बोटाला लावून बसले आणि खरंच नाही कळलं. हा अनुभव मला फार आवडला.

काँग्रेसनगर ते सीताबर्डीच्या मधल्या वळणावर नट बाहेरच्या बाजूला झुकला, पण अपेक्षेपेक्षा कमी. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवलेला असतो, डबा आतल्या बाजूला कलतो, आणि माझा पुठ्ठा डब्याबरोबर कलतो. वळणाचं मोजमाप टेम्पोत, सपाट रस्त्यावर करायचं ठरवलं.

१० फेब्रुवारी

पूर्ण संध्याकाळ गेली. बाबांच्या गाडीत फोन डॅशबोर्डला पक्का बांधला होता. उड्डाणपुलाच्या चढावर काटा ताशी ३० वर स्थिर, तरी फोन पुढच्या दिशेने ०.४ दाखवत होता. वेग बदलत नाही तर त्वरण कुठून आलं? आधी वाटलं फोन बिघडला. मग वाटलं बांधणी ढिली आहे. दोनदा परत पुलावर नेलं, बाबांनी काही न बोलता नेलं.

उत्तर गादीवरच्या प्रयोगात होतं. चढावर गाडी कलते, फोन कलतो. रस्ता फोनला सरळ वर पेलतोच आहे, पण फोनच्या कललेल्या अक्षांवर त्या आधाराचा एक हिस्सा 'पुढे' असा नोंदला जातो. चढ २५ ला १ असला तर ९.८ भागिले २५, म्हणजे ०.३९. अगदी तेवढंच! गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा भाग मिळवला की बेरीज शून्य. स्थिर वेगाने चढतानाही निव्वळ बल शून्यच.

यापुढे सगळी मोजमापं सपाट रस्त्यावर. मेट्रोतले आकडेही तपासले. स्टेशनवर गाडी उभी असताना नट शून्य अंशावर होता, म्हणून ते ठेवले.

१४ फेब्रुवारी

३ तारखेचं कागदावरचं संत्रं आज खरं खाली पाडलं. वस्तीमागच्या मोकळ्या पटांगणात बाबा गाडी चालवायला, मी मागे फाळक्याला धरून, धाकटा भाऊ जमिनीवर फोन घेऊन. गाडीच्या तळावर पांढऱ्या खडूने पट्टी आखली. उंची १.२ मीटर.

ताशी २० च्या स्थिर वेगात संत्रं बरोबर हाताखाली पडलं, एकदोन सेंटीमीटरचा फरक. गाडी वेग घेत असताना सोडलेलं मात्र मागे पडलं. तीन वेळा केलं: १६, १९, १७ सेंटीमीटर. फोनवर त्वरण १.५ च्या आसपास. १.२ मीटर पडायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गाडीचा तळ संत्र्याच्या १८ सेंटीमीटर पुढे जायला हवा. गेला.

भावाने जमिनीवरून घेतलेला व्हिडिओ त्याहून बोलका. त्यात संत्रं मागे जातच नाही. सोडताना जो पुढचा वेग होता तोच घेऊन, कमान करत खाली येतं. मागे कोणी ओढलं नाही. गाडी पुढे निघून गेली, आणि गाडीत बसलेल्या मला ते मागे गेल्यासारखं दिसलं.

मग एक संत्रं आजीच्या कापडी चुंबळीत तळावर ठेवलं, म्हणजे गडगडणार नाही. गाडी निघाली तशी ते चुंबळीच्या मागच्या कडेला रेललं आणि तिथून गाडीबरोबर गेलं. हे ०.२२५ न्यूटन मला डोळ्यांनी दिसलं. चुंबळीचं कापड मागच्या बाजूला किंचित दबलेलं होतं.

१६ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं, मग पुस्तकातलं 'आभासी बल' कशासाठी? त्या म्हणाल्या, गाडीत बसूनच हिशेब लिहायचा असेल तर वस्तुमान गुणिले गाडीचं त्वरण, उलट दिशेने, असं एक बल मिळवायचं, म्हणजे न्यूटनचा नियम गाडीतही चालतो. उत्तर दोन्हीकडून एकच येतं. पण वही एकच धरायची, रस्त्यावरची किंवा गाडीतली. माझ्या पहिल्या उत्तरात रस्त्यावरचं खातं होतं आणि त्यात गाडीचं त्वरण उसनं घेतलं होतं, तेही उलटं न करता. मी रस्त्यावरची वही धरते आहे. बाबांना सांगायला तीच सोपी आहे.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणुकीमुळे गाडी निघणार नव्हती, म्हणून अंगणात घर्षण मोजलं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण क्रेटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

साहित्य: प्लास्टिकचा क्रेट, संत्र्यांसकट २२ किलो. बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा. क्रेटला काटा अडकवून आडवा ओढायचा आणि सरकायला लागण्याच्या क्षणाचा आकडा भावाने वाचायचा. गाडीच्या उघड्या पत्र्यावर ८ किलोच्या ओढीला क्रेट सुटला. सरकत असताना ७ वर चालत राहिला. म्हणजे सुटेपर्यंतचा घर्षण गुणांक (ओढ भागिले वजन) ०.३६, सुटल्यावर ०.३२.

बाबा म्हणाले, "भरलेला क्रेट कमी सरकते. जड माल दबून रायते."

मलाही तसंच वाटत होतं, पण मोजून बघू म्हटलं. अर्धी संत्री काढली. वजन ११.२ किलो, ओढ ४.१. गुणांक जवळजवळ तोच, ०.३७. जड क्रेट घट्ट धरून असतो हे खरं, पण त्याला थांबवायलाही तेवढंच जास्त बल लागतं. वस्तुमान दोन्ही बाजूंना आहे, ते उडून जातं. बाबांनी स्वतः काटा हातात घेऊन दोन्ही क्रेट परत ओढले. मग म्हणाले, "हाव, बराबर हाय."

पत्र्यावर रिकामी पोती अंथरली, तर २२ किलोच्या क्रेटला १२.१ किलोची ओढ लागली. गुणांक ०.५५.

याचा अर्थ, घर्षणाच्या जोरावर क्रेट गाडीबरोबर किती मंद होऊ शकतो याला हद्द आहे. गुणांक गुणिले ९.८: पत्र्यावर ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, पोत्यावर ५.४. गाडी त्याहून जोरात थांबली तर क्रेट मागे राहणार नाही, पुढे जाणार.

२२ फेब्रुवारी

पटांगणात ब्रेकचे आकडे. रोजच्यासारखा ब्रेक: २ ते २.५. जीव खाऊन मारलेला ब्रेक: ५.२.

आता बाबांच्या प्रश्नाचा हिशेब पूर्ण होतो. पंधरा क्रेट, ३३० किलो. गाडीबरोबर ५.२ ने मंद व्हायला त्यांना मागच्या दिशेने १७१६ न्यूटन बल हवं होतं. तळाचा पत्रा जास्तीत जास्त ११६४ देऊ शकत होता. साडेपाचशे न्यूटन कमी पडले. क्रेटला पुढे ढकलणारं कोणीच नव्हतं, त्यांना थांबवणारं पुरेसं नव्हतं. गाडी थांबली, क्रेट आपल्या वेगाने चालत राहिले.

आणि सुटल्यावर घर्षण आणखी घटतं, ३.१ वर. गाडी आणि क्रेट यांच्यात २.१ चा फरक. अर्ध्या गाडीत पुढे साधारण एक मीटर मोकळी जागा होती. तेवढ्यात क्रेट ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने केबिनच्या पत्र्यावर पोचतात. आकडा लहान दिसतो, पण ३३० किलो आहेत.

बाबांना रात्री वही वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे ढकललं कोणीच नाय?"

"कोणीच नाही बाबा."

"मंग अडवाले पायजे होतं." ते उठून बाहेर गाडीपाशी गेले.

२४ फेब्रुवारी

नवीन अडचण. पोती अंथरली, सरकणं थांबलं, झालं असं मी समजत होते. पण तीन क्रेटची थप्पी सरकत नाही म्हटल्यावर ती कलंडेल. क्रेट ५४ × ३६ सेंटीमीटर, उंची २९. तीनची थप्पी ८७, गुरुत्वमध्य साधारण ४३ वर. क्रेटची अरुंद बाजू गाडीच्या लांबीत ठेवली तर पुढची कड मध्यापासून १८ वर. १८ भागिले ४३ म्हणजे ०.४२, त्वरणात ४.१. पोत्यावर सरकायला ५.४ लागतं. म्हणजे ४.१ लाच थप्पी कलंडते, सरकण्याआधी! पत्र्यावर ती ३.५ ला सरकली असती आणि उभी तरी राहिली असती. लांब बाजू गाडीच्या लांबीत ठेवली तर २७ भागिले ४३, त्वरणात ६.२. मग कलंडत नाही.

गाडी भरगच्च असली की थप्प्या एकमेकींना आणि केबिनला टेकून असतात, हा प्रश्नच येत नाही. अर्ध्या गाडीत येतो.

२६ फेब्रुवारी

वळण. एका मोठ्या चौकातलं रिकामं वळण, त्रिज्या पावलं मोजून आणि नकाशावरून सुमारे २० मीटर. ताशी २५ ने: हिशेबाने (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) २.४, फोनवर २.२. ताशी १५ ने: हिशेबाने ०.९, फोनवर ०.८. एका संत्र्यावर ताशी २५ ला ०.३६ न्यूटन, वळणाच्या आतल्या बाजूला. इथेही बाहेर फेकणारं कोणी नाही. आत ओढणारं कमी पडलं की वस्तू सरळ जाते.

पण लांब बाजू गाडीच्या लांबीत ठेवली की अरुंद बाजू आडवी येते, आणि वळणावर तीच ४.१ ची हद्द लागू होते. याच वळणावर ताशी ३५ ला त्वरण ४.७ होतं. ब्रेकला सोय केली तर वळणाला गैरसोय. तीनच्या थप्पीची दोन्हीला चालेल अशी मांडणी मला सापडली नाही, आणि तसं बाबांना सांगितलं.

त्यांना विचार करावा लागला नाही. "ब्रेक माह्या हातात नाय, समोरच्याच्या हातात हाय. वळण माह्या हातात हाय. लांब बाजू गाडीच्या लांबीत ठेव."

प्रकल्पाच्या निष्कर्षाच्या पानावर हे वाक्य बाबांच्याच शब्दांत घातलं आहे. मॅडमनी बोली भाषा बदलायला सांगितली नाही.

१ मार्च

कळमेश्वरकडून अर्धी गाडी होती, सोळा क्रेट. तळाला पोती, लांब बाजू गाडीच्या लांबीत, दोनच थर, वरून दोर. मी बरोबर गेले. फोन डॅशबोर्डला आणि लोलक माझ्या हातात. वाटेत सगळ्यात जोराचा ब्रेक ३.९ चा, एक बकरी आडवी आली तेव्हा. कळमन्याला पोचल्यावर ताडपत्री काढली. तळावर खडूने आखलेल्या रेषेवरून एकही क्रेट हललेला नव्हता. ३.९ म्हणजे पत्र्याच्या हद्दीच्या वर आणि पोत्याच्या हद्दीच्या आत.

बाबांनी दोर सोडताना मला हाक मारली. दोर ढिलाच होता. "याच्यावर बल किती आलं मंग?"

माझ्या यादीत दोराचं नाव होतं, पण आकडा शून्य. पोत्यांनीच सगळं पेललं होतं. दोर ५.४ च्या पुढे कामाला येईल, आणि तेव्हा किती ताणेल हे मोजायला हुकाचा काटा ५० किलोचा आहे, तो पुरणार नाही.